उलटे सालोमालो

बँकेची शाखा असो, वीजबिल भरणा केंद्र असो नाहीतर तालुक्याच्या गावातलं ट्रॅक्टरचं शोरूम, भिंतीवर एक फ्रेम हमखास सापडते. एका कोपऱ्यात गांधीजींचा हसरा चेहरा आणि शेजारी ग्राहकाविषयी चार-सहा वाक्यं. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे. तो आपल्यावर नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. त्याची सेवा करून आपण उपकार करत नाही, ती संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो. खाली नाव : महात्मा गांधी. फ्रेमखाली लांबलचक रांग आणि काउंटरवर ‘सर्व्हर डाउन’ची चिठ्ठी.

काही ठिकाणी या वचनाला पत्ताही जोडलेला असतो : दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. साल आणि ठिकाण दिलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. इथे मात्र त्या पत्त्यानेच घात केला आहे. १८९० साली मोहनदास गांधी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवलं ते मे १८९३ मध्ये, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी. आणि भाषण? लंडनच्या त्या दिवसांत शाकाहारी मंडळाच्या कमिटीच्या बैठकीत तोंड उघडायचीसुद्धा आपल्याला भीती वाटे, लिहून आणलेलं भाषण दुसऱ्याला वाचायला द्यावं लागे, असं त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलं आहे. निरोपाच्या जेवणाच्या वेळी पहिल्या वाक्यानंतर पुढचं सगळं विसरून ते खाली बसले. असा मुखदुर्बळ विद्यार्थी समुद्रापलीकडे जाऊन कुठल्या दुकानदारांना ग्राहकसेवेचे धडे देणार?

या वचनाचा माग अमेरिकेतल्या जाहिरात-धंद्याच्या एका नियतकालिकापर्यंत जातो. साल १९४१. तिथे हा मजकूर केनेथ बी. एलियट या गृहस्थांच्या नावावर आहे. एलियट हे स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीविभागाचे उपाध्यक्ष. पुढे एल. एल. बीन या कपडे-बूट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने अशाच मजकुराचं पोस्टर लावलं. म्हणजे हे शब्द मोटारी खपवणाऱ्या सेल्स खात्यातले. यंत्रांच्या वेडाबद्दल ‘हिंद स्वराज्या’त इतकं कडक लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी ते घातले गेले आणि आपण फ्रेमा करून भिंतीला ठोकले. एलियटसाहेबांच्या नावाची फ्रेम कुणी विकत घेतली नसती, हे उघड आहे.

गांधीजींच्या वाट्याला असा उधारीचा माल इतरांपेक्षा जास्त आला. जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा, हे वाक्य टी-शर्टवर आहे, कॉफीच्या मगावर आहे, मॅनेजमेंटच्या वर्गातल्या पहिल्या स्लाइडवर आहे. गांधीजींच्या लेखनात ते या रूपात नाही. त्याच्या आसपास जाणारा एक विचार मात्र आहे, आणि तो जिथे आहे ती जागा वाचून गंमत वाटते. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ते आरोग्यावर लेखमाला लिहीत होते. त्यातल्या सर्पदंशावरच्या लेखात, साप आणि माणूस यांच्यातल्या वैराबद्दल बोलता बोलता ते म्हणतात की बाहेरच्या जगातल्या वृत्ती आपल्या देहातही असतात, आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाच्या वृत्तीही बदलतील. मगावरचं चटपटीत वाक्य आणि हा सापाच्या विषाजवळचा विचार यांत बराच फरक आहे. मगावरच्या वाक्यात जग बदलण्याची जबाबदारी सकाळच्या व्यायामापाशी आणि सकारात्मक विचारापाशी येऊन संपते. मीठ उचलायला हजारो माणसांना सोबत घेऊन समुद्रावर जाणाऱ्या माणसाला एवढ्यावर सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आज आपण म्हणतो त्या शब्दांच्या जवळ पहिल्यांदा पोचली ती न्यूयॉर्कची एक शिक्षिका, आर्लीन लोरन्स. ब्रुकलिनच्या थॉमस जेफरसन हायस्कूलमध्ये १९७० च्या सुमारास तिने एक उपक्रम चालवला आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. त्यात ते वाक्य आहे. तोवर गांधीजींना जाऊन पाव शतक उलटलं होतं.

दुसरं उदाहरण तर आपल्या पुढाऱ्यांचं लाडकं. आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि मग तुम्ही जिंकता. निवडणुकीत पडलेला उमेदवारही हे ऐकवतो. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ते गांधीजींच्या नावाने इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. याचा जुना धागा १९१८ सालच्या बाल्टिमोरमध्ये सापडतो. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं आणि तिथे निकोलस क्लाइन नावाच्या वक्त्याने जवळजवळ हीच चढण मांडली : आधी दुर्लक्ष, मग टिंगल, मग हल्ला, जाळायची भाषा, आणि शेवटी तुमचे पुतळे. क्लाइनच्या भाषणात जिंकण्याचा उल्लेख नाही, पुतळ्यांचा आहे. पुतळे उभारून विषय मिटवण्याची रीत आपल्याला चांगली माहीत आहे. हे पुतळे नंतरच्या कुणीतरी काढून टाकले आणि त्या जागी विजय घातला. उसन्या वचनांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. हातोहात फिरताना त्यांचे कंगोरे घासले जातात.

सगळीच प्रकरणं इतकी सरळ नसतात. पृथ्वी प्रत्येकाची गरज भागवू शकते, हाव नाही, हे वाक्य घ्या. ते गांधीजींनी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांचे सचिव प्यारेलाल यांनी गांधीजींच्या अखेरच्या पर्वावरच्या ग्रंथात ते त्यांचं म्हणून नोंदवलं आहे. दुसरीकडे, फ्रँक बुकमन या अमेरिकी धर्मप्रचारकाच्या भाषणांतही अगदी अशीच गरज-हावेची जोडी १९४७ पर्यंत छापून आली होती. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या सचिवाची साक्ष फेकून देता येत नाही, आणि छापील तारीखही डोळ्याआड करता येत नाही. अशा वेळी ‘प्यारेलाल यांनी नोंदवल्याप्रमाणे’ एवढे तीन शब्द जोडावेत. तेवढ्याने काही बिघडत नाही.

या सगळ्याचा छडा लावण्याचं काम आता बऱ्यापैकी शिस्तीने होतं. अमेरिकेत राल्फ कीज यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. फ्रेड शपिरो यांनी येल विद्यापीठाचा अवतरणकोश २००६ मध्ये काढताना प्रत्येक वाक्याची सर्वांत जुनी छापील जागा शोधण्याचा आग्रह धरला. गार्सन ओटूल या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संशोधकाने तर हाच एक ध्यास घेतला. (खोट्या नावांचा माग काढणारा स्वतः टोपणनावाने लिहितो, हे मला फार आवडतं.) रीत साधी आहे. वाक्य पहिल्यांदा कुठे छापलं गेलं ते शोधायचं, आणि ती तारीख त्या थोर माणसाच्या मृत्यूच्या तारखेशेजारी ठेवायची. मधे पंचवीस-तीस वर्षांची पोकळी दिसली की सावध व्हायचं. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली आता शब्द टाकून चाळता येतात. जुनं मराठी नियतकालिक मात्र बहुतेक वेळा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपातच भेटतं, आणि पान न् पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

पण हा उद्योग परदेशातून आला असं कुणी समजू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणात एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून पाठ शुद्ध केला. ग्रंथ सांगितला गेला त्याला तोवर तीनशे वर्षं होत आली होती. ओवी हे रूपच असं की कुणालाही वाटावं, एखादी आपणही घालावी. आणि लोकांनी घातल्या होत्या. नाथांनी हे निस्तरलं आणि शेवटी बजावून ठेवलं की या पाठात जो आपली ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. आपल्याकडच्या संपादनशास्त्राचा हा पहिला कडक नियम. लक्षात घ्या, नाथ स्वतः मोठे कवी. स्वतःच्या चार ओव्या आत सरकवल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी आपलं काम वेगळं ठेवलं आणि केव्हा, काय केलं याची तिथीवार नोंद केली.

संतवाङ्मयात नाव हा कवितेचाच भाग असतो. शेवटच्या चरणात मुद्रा येते आणि अभंग कुणाचा ते कळतं. म्हणून तर चोरीही मुद्रेचीच. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा एक कीर्तनकार तुकोबांचे अभंग म्हणे, पण मुद्रेच्या जागी स्वतःचं नाव घाली. तुकोबांनी गाथेत त्याचा चांगलाच समाचार घेतला आहे. मुद्रेमुळे घोळही झाले आहेत : सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले, कारण दोघेही ‘नामा’. हे निवडून वेगळं काढायला अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात तुकोबांची गाथा सरकारी खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यातून काढली, ती देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या ताडून. त्यांच्यापुढचा प्रश्न तोच होता जो आज मोबाइलवर ‘फॉरवर्ड’ आल्यावर पडायला हवा : हे खरंच त्यांचं का?

सालोमालो दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव घालत होता. आजचे सालोमालो उलटे आहेत. ते आपल्या शब्दांवर दुसऱ्याचं नाव घालतात. पहिल्याला कीर्ती हवी होती, दुसऱ्याला ती नकोच आहे; त्याला फक्त आपलं म्हणणं खपवायचं आहे. म्हणून हा दुसरा पकडायला जास्त अवघड.

याचा सर्वांत धडधडीत नमुना म्हणजे मेकॉलेचं ‘ते भाषण’. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत लॉर्ड मेकॉलेने सांगितलं म्हणे, की मी हिंदुस्थानात आडवा-उभा फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही. या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे. हे प्रचंड फिरतं, व्याख्यानांत येतं, अग्रलेखांत येतं. आता तारीख बघा. त्या दिवशी मेकॉले संसदेत नव्हता, कलकत्त्यात होता. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, तिथून गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटायला पालखीतून उटीला गेला आणि मग कलकत्त्याला. एवढ्यात कसला आडवा-उभा हिंदुस्थान बघून होतो? आणि २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खोटी नाही, ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे. बनवणाऱ्याने खरी तारीख उचलली आणि आत खोटा मजकूर भरला.

मला यातला तोटा वेगळाच वाटतो. खरं टिपण बनावट भाषणापेक्षा कितीतरी जास्त बोचणारं आहे. त्यात मेकॉले आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही हे मान्य करतो, आणि तरीही युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या साहित्याला पुरून उरेल असं ठोकून देतो. रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने इंग्रज असा मधला वर्ग तयार करायचा, हा बेतही तिथेच आहे. वाद घालायचा तर याच्याशी घालता येईल, आणि तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेबाहेर प्रवेशासाठी ताटकळणाऱ्या प्रत्येक घराशी येऊन भिडेल. बनावट भाषणात मात्र मेकॉले आपली स्तुती करतो. शत्रूच्या तोंडून आलेली स्तुती कुणाला नको असते? चर्चिलचंही तसंच. स्वातंत्र्य दिलं तर सत्ता बदमाश आणि लुटारूंच्या हाती जाईल, हे त्याच्या नावावर फिरणारं भाकीत दर १५ ऑगस्टला उगवतं. चर्चिलच्या भाषणांच्या अभ्यासकांना ते कुठे सापडलेलं नाही. मार्च १९४७ मध्ये कॉमन्स सभागृहात तो खरोखर जे म्हणाला ते असं, की सत्ता ज्यांच्या हाती देत आहोत ती गवताची माणसं आहेत, काही वर्षांत त्यांचा मागमूस उरणार नाही. ते भाकीत चुकलं. म्हणूनच बहुधा ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

टिळकांकडे वळू. शेंगांच्या टरफलांना हात लावायचं धाडस माझ्यात नाही. ती प्रत्येक मराठी मुलाची १ ऑगस्टची मिळकत आहे. पण स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची घोषणा शाळकरी भाषणांत अनेकदा १९०८ च्या खटल्यात, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे म्हणवली जाते. त्या दिवशी टिळक जे बोलले ते मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे. मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते १९५६ मध्ये त्या फलकाचं अनावरण झालं. आशय असा की ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत, आणि मी मोकळा असण्यापेक्षा मी सोसण्याने माझं कार्य वाढावं अशी कदाचित त्यांची इच्छा असेल. जन्मसिद्ध हक्क त्यात नाही. ती घोषणा गाजली ती १९१६ च्या होमरूल चळवळीत.

आणि तिथे आणखी एक माणूस उभा आहे. जोसेफ बॅप्टिस्टा, माझगावच्या माथारपाखाडीतले, ईस्ट इंडियन समाजाचे, टिळकांचे जिवलग आणि वकील. सगळे त्यांना काका म्हणत. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष टिळक नव्हते, काका बॅप्टिस्टा होते. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. घोषणेचे शब्द काकांचे आणि आवाज टिळकांचा, असं ईस्ट इंडियन मंडळी आजही अभिमानाने सांगतात. त्यात टिळकांचं काही कमी होतं असं मला वाटत नाही. शब्द कुणीही जुळवो, त्यासाठी मंडालेला सहा वर्षं काढलेल्या माणसाने ते उच्चारल्यावरच त्यांना धार आली. पण पाठ्यपुस्तकात काकांसाठी एक ओळ असायला काय हरकत आहे?

१९१६ च्या त्या भाषणांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बेळगाव आणि नगरच्या सभांना सरकारी लघुलेखक हजर होते. त्या नोंदींच्या आधारे टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला, आणि बॅरिस्टर जिनांनी उच्च न्यायालयात तो हुकूम रद्द करून घेतला. म्हणजे टिळकांचे शब्द नीट जपले गेले ते भक्तांमुळे कमी आणि खटला भरायला टपलेल्या पोलिसांमुळे जास्त.

बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत सरकारने उशिरा का होईना एक मोठं काम केलं. १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने काढले; सुरुवातीचे खंड वसंत मून यांनी सिद्ध केले. त्यामुळे पडताळणी करता येते. सर्वांत प्रसिद्ध त्रिसूत्री घ्या : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. गावोगावच्या बुद्धविहारांवर, जयंतीच्या बॅनरवर हाच क्रम दिसतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्गाच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जो संदेश दिला त्यात क्रम वेगळा आहे : आधी शिक्षण, मग चळवळ, शेवटी संघटन. हाच क्रम त्याआधी १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या ब्रीदात आहे, आणि त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, लंडनच्या समाजवाद्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनने ही तीन क्रियापदं वापरली होती.

हा नुसता शब्दच्छल नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्यांत या क्रमावर गंभीर वाद झाले आहेत. आधी संघटना बांधून मग रस्त्यावर उतरायचं, की अन्यायाने मन पेटल्यावर त्यातून संघटना उभी राहते? पहिल्या वाचनात कार्यकर्ता नेत्याच्या आदेशाची वाट बघतो. दुसऱ्यात तो स्वतः पेटून उठलेला असतो. मला नागपूरचा क्रम बाबासाहेबांच्या स्वभावाशी जास्त जुळणारा वाटतो : महाडचं तळं आधी, स्वतंत्र मजूर पक्ष नंतर. आणि मूळ लंडनचं निघालं म्हणून ती त्रिसूत्री त्यांची राहत नाही असंही नाही. लंडनच्या कामगाराला सांगितलेली गोष्ट ज्याला पाण्याला शिवण्याचीही मनाई होती त्याला सांगणं हे नवंच काम होतं.

वाघिणीच्या दुधाचं मात्र कोडं आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सांगतात, इंग्रजी भाषेला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर. भिंतीवरची पोस्टरं सांगतात, शिक्षणाला वाघिणीचं दूध म्हणणारे बाबासाहेब. निबंधमालाकार आणि महाडचा सेनानी एकाच दुधावर हक्क सांगताहेत. पोस्टरवर खंड आणि पान छापलेलं नसतं, तोवर मी ते वाक्य भाषणात कुणाच्याच नावावर घालणार नाही.

घराघरात टांगलेलं ‘गीतासार’ही सांगायला हवं. जे झालं ते चांगलंच झालं, तू काय आणलं होतंस जे हरवलं, असा तो मजकूर. गीतेचे सातशे श्लोक समोर ठेवून बघा, हा एकाही श्लोकाचा अनुवाद नाही. अर्जुनाला ‘जे होतंय ते चांगलंच होतंय’ असं सांगितलं असतं तर त्याने धनुष्य खालीच ठेवलं असतं. आणि ‘सरफरोशी’ची गझल रामप्रसाद बिस्मिल यांची म्हणून आपण गातो, ती पाटण्याच्या बिस्मिल अझीमाबादींची. पुन्हा तोच मुद्रेचा घोळ, नामा आणि विष्णुदास नामा.

कधी कधी चोरी झालेल्याला स्वतः येऊन सांगता येतं. एप्रिल २०२० मध्ये करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेबद्दल धीर देणारा मजकूर रतन टाटांच्या नावाने फिरला. टाटांनी ट्विटरवर जाहीर केलं, हे मी बोललेलो नाही आणि लिहिलेलंही नाही. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने दुसरा मजकूर आला आणि त्यांना पुन्हा तेच सांगावं लागलं. व्हॉल्टेअरच्या नावावरचं ते विचारस्वातंत्र्याचं वाक्य, मत पटत नसलं तरी ते मांडण्याचा हक्क प्राणपणाने राखण्याचं, एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये त्याच्या भूमिकेचं सार म्हणून लिहिलं होतं. शब्द माझे आहेत असा खुलासा तिने पुढे स्वतः केला, तरी मराठी अग्रलेखांत ते आजही व्हॉल्टेअरचंच आहे.

पु. ल. देशपांडे २००० साली गेले, व. पु. काळे २००१ मध्ये. दोघांनाही आता खुलासा करता येत नाही, आणि दिवाळीच्या चार दिवसांत त्यांच्या नावाने किती नवे उतारे येतील याची गणती नाही. पु.लं.ची वाक्यं इतकी गुळचट नसत, हे ज्याने ‘व्यक्ती आणि वल्ली’ एकदा वाचलं त्याला दुसऱ्या ओळीत कळतं. तेव्हा असा उतारा आला तर पाठवणाऱ्या काकांना, मावशींना भांडण न करता एवढंच विचारा : कुठल्या पुस्तकात आहे? उत्तर आलं तर ते पुस्तक वाचायला घ्या. नाही आलं तर उतारा आवडला असल्यास जरूर पुढे पाठवा, फक्त खालचं नाव पुसून.